विसावा नको, माहेर म्हणा

सोजर,

फार घाई केलीस बाई. जाण्याची म्हणत नाही, ते कुणाच्याच हातात नसतं. कावळ्याची म्हणते.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड मांडला. तुझ्या आवडीचं सगळं होतं. धपाटं, शेंगदाण्याची चटणी, वर दही. तुझे दीर भाऊराव पुढं झाले, हात जोडले, घसा खाकरला. मागं अख्खी भावकी उभी. सगळ्यांच्या ओठावर एकच वाक्य तयार होतं, 'दत्ताची काळजी करू नको, आम्ही हाय.' कावळा अडून बसला की म्हणायचं म्हणून ज्यानं त्यानं राखून ठेवलेलं. आणि भाऊरावांनी तोंड उघडायच्या आत कावळा आला, धपाट्याचा तुकडा उचलला आणि बाभळीवर जाऊन बसला.

"सुटली," मागनं कुणीतरी म्हणालं. "कायबी मागं ऱ्हायलं नव्हतं तिचं."

मागं राहिलं नव्हतं? अगं, चाळिशी उलटलेला लेक चाकाच्या खुर्चीत समोर बसला होता. जन्मापासून हातपाय ऐकत नाहीत, एकेक शब्द विहिरीतनं घागर ओढावी तसा वर येतो, आणि डोकं मात्र तुझंच, लखलखीत. त्याच्यासाठी तरी जरा ताणून धरायचंस. माझ्या ह्यांच्या वेळी कावळा दुपारपर्यंत झाडावरनं हलला नव्हता. 'बहिणीला, सुमीला अंतर देणार नाही' असं माझ्या थोरल्या लेकाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं तेव्हा कुठं खाली उतरला. माणूस जिवंतपणी कधी हट्ट करायचा नाही, मेल्यावर केला. आणि तू, जन्मभर हट्ट करणारी, धपाटं दिसल्याबरोबर विरघळलीस. एका माणसाकडून एक शब्द घेतला नाहीस. सगळी भावकी मोकळ्या हातानं, मोकळ्या मनानं घरी आली आणि 'दत्ताचं काय?' हा प्रश्न तसाच अंगणात पडून राहिला.

त्यावरनं मी तुझ्यावर चिडले. आता चिडलेली नाही. का, ते सांगायलाच बसलेय. नात म्हणते, आजी, मेलेल्या माणसाला असं रागावून लिहितात का? म्हटलं, तुला सोजर माहीत नाही. गोड लिहिलं तर ती वाचायची नाही.

आपली पहिली गाठ भांडणानंच पडली ना? गल्ली शेजारची, येणंजाणं होतं, पण गाठ म्हणावी अशी पडली ती समाजमंदिरात. मंगळवार होता. तुळजापूरहून संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. आपल्या रस्त्याकडेच्या चार गावांतल्या, घरात असं मोठं झालेलं लेकरू असणाऱ्या बायांना त्यांनी गोळा केलं होतं. आमच्या सुमीला घेऊन मी पुढच्या ओळीत. सुमी तेव्हाच बाईमाणूस झालेली, अंगानं माझ्यापेक्षा भरलेली, बुद्धीनं मात्र पाच वर्षांची राहिलेली. मी गावची अंगणवाडीताई, त्यामुळं पुढची ओळ माझी असं मीच ठरवलेलं.

त्या वेळची मी म्हणजे काय ध्यान होतं, सोजर! साठीही न गाठलेली पोर, आणि तोरा असा, की त्यागाची जी काही मूर्ती म्हणतात ती मीच. 'सुमीला माझ्याच हातचं लागतं' हे माझं आवडतं वाक्य. लग्नाचं बोलावणं आलं, सुमीला माझ्याच हातचं लागतं. बारशाचं आलं, सुमीला माझ्याच हातचं लागतं. थोरल्यानं पुण्यात घर घेतलं, वास्तुशांतीला बोलावलं, तिथंही तेच. माणसं हळहळायची, 'ताई, तुमीच म्हणून करता.' ते ऐकून मी पदरानं डोळे पुसायची आणि पदराआड गालातल्या गालात फुगायची. दुधावर साय धरावी तशी मी माझ्या दुःखावर साय धरली होती. कुणी फुंकर मारली तरी राग यायचा.

मॅडम शिकलेल्या, मनानं सरळ. म्हणाल्या, "तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळताय. सांभाळणाऱ्यालाही थोडं थांबावं लागतं. मूल मोठं झालं म्हणून काम संपत नाही, उलट तुमचं वय होतं. म्हणून आपण सगळ्या मिळून एक नवीन सोय सुरू करतोय." आणि त्यांनी कापडी फलक उलगडला. गुलाबी फुलांच्या महिरपीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'विसावा'.

एकीनं लेकाला जवळ ओढलं. दुसरीनं तोंडाला पदर लावला. मॅडमना वाटलं बायांना गहिवरून आलं.

तू मागच्या ओळीतनं विचारलंस, "मॅडम, कुणाला पोचवायचं हाय?"

"म्हणजे?"

"विसावा म्हंजी वेशीभायेरचा चौथरा हाय आमच्याकडं. तिरडी तिथं टेकवत्यात, खांदं बदलत्यात अन् म्होरं नेत्यात. आमची लेकरं जित्ती हायती अजून."

बिचाऱ्या मॅडम त्या फुलांसारख्याच गुलाबी झाल्या. आणि तेवढ्यात तुझा दत्ता हसला. तो हसतो तेव्हा सगळं अंग हसतं, खुर्ची करकरते, चाकं वाजतात. ते बघून सुमी हसली, मग सगळ्या. मॅडमही. त्यांनी फलक गुंडाळला आणि विचारलं, "मग काय म्हणायचं? तुम्हीच सांगा."

"बाईमाणूस थकलं की कुठं जातं?" तू विचारलंस.

"माहेरी," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

"मग झालं की. ह्यास्नी बी माहेर पायजे. दत्ता ह्या म्होरच्या ओळीतल्या कलीच्या घरी चार दिस जाईल, सुमी माझ्याकडं. त्यास्नी पाव्हणचार, आपल्याला निवांतपणा."

आणि मी उठले. उठायची काही गरज होती का? पण अंगणवाडीताई बसल्या जागी बोलत नसते. म्हटलं, "माहेर हे लग्न झालेल्या बाईला असतं. ह्या लेकरांना सासरच नाही, तर माहेर कुठलं? शब्द चुकतोय."

"कले," तू म्हणालीस, "अंगणवाडी सुटली. बस."

सगळी सभा पुन्हा हसली. मी बसले. सोजर, आयुष्यात मला कुणी 'कले' म्हटलं नव्हतं. आईसुद्धा कलावतीच म्हणायची. दोन दिवस मी तुला मनातल्या मनात उत्तरं देत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की दोन दिवस मी सुमीचं दुःख करायचंच विसरले होते.

मॅडमनी मग घराघरांत येऊन सगळं नीट शिकवलं. दत्ताला खाटेवरनं खुर्चीत घेताना आपली कंबर नाही, गुडघे वाकवायचे. घास देताना त्याची हनुवटी खाली हवी, मान मागं टाकलेली नको. सुमीला झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल हुंगवायची नाही. चप्पल म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. साऱ्या गावाला आरोग्याचं शिकवणारी मी, घरात चप्पल हुंगवत होते हे तू मॅडमच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतंस, चोंबडे.

सुमीचं पहिलं माहेरपण आठवतं? शेजारच्याच गल्लीत तुझं घर. मी मात्र काशीला धाडावं तशी पिशवी भरलेली. तिचं ताट, तिची वाटी, तिची उशी, आणि वर शंभर सूचना. तू सगळं ऐकून घेतलंस आणि पिशवी दारामागं ठेवून दिलीस. ती उघडलीसुद्धा नाहीस.

घरी आले. घासलेली भांडी पुन्हा घासली. झाडलेलं अंगण झाडलं. ह्यांना म्हटलं, "पोरगी उपाशी असंल." हे म्हणाले, "मग तू जेव." दुपारी राहवेना. तुझ्या परसातल्या शेवग्याच्या आडोशाला गेले, बादली पालथी घातली, वर चढले आणि भिंतीवरनं डोकावले. सुमी मागच्या सोप्यात पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. चार दाणे सुपात, दोन तोंडात. शेजारी धपाट्याचं ताट, निम्मं संपलेलं. परक्या हातचं. मी अजून नीट बघते तोवर बादली सरकली. दणका असा झाला, की गल्लीतली कुत्री उठली.

"दत्ता, बग रं," आतनं तुझा आवाज, "सुमीची सासू आली जणू."

भिंतीपल्याड खुर्ची करकरायला लागली. मी कशीबशी उठून दारातनं आत आले, लुगड्याला चिखल, कोपर सोललेलं. सुमीनं माझ्याकडं बघितलं. तोंडात घास होता, तो आधी गिळला, आणि म्हणाली, "आई, जा."

जा! जिच्यासाठी मी जगातली सगळी बारशी सोडली, ती मला जा म्हणाली. मी तरातरा घरी आले. रडायचं ठरवून आडवी झाले आणि झोपले. दिवेलागणीला उठले तेव्हा सकाळ आहे का संध्याकाळ ते कळेना. इतकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. त्यागाच्या मूर्तीला पहिला तडा तिथं गेला, आणि तो तुझ्या धपाट्यानं पाडला.

चौथ्या दिवशी न्यायला आले. तू सुमीला पाटावर बसवलंस, ओढणी पसरायला लावलीस, आणि ओंजळ भरून गहू घेतलेस. खण, नारळ, हळकुंड, सुपारी. मी म्हटलं, "सोजर, काय करतीस? कुवार हाय ती. ओटी लग्न झालेलीची भरत्यात."

"माझ्या घरनं पोरगी निघाली. रिकाम्या पदरानं लावू व्हय?"

आणि भरलीस. सुमी ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरून गल्लीतनं अशी चालत आली, सोजर, जशी देवीची पालखी तिच्याच ओढणीत आहे. थांबत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती, एक दाणा सांडू दिला नाही. तिच्या धाकट्या चुलतबहिणींच्या ओट्या भरताना तिनं किती वेळा दारातनं बघितलं असेल, ते मला त्या दिवशी सुचलं. तो खण तिनं शिवू दिला नाही. अजून उशाखाली आहे.

मग दत्ताचं माझ्याकडं माहेरपण झालं. निघताना मी रीतीप्रमाणं टोपी आणि टॉवेल दिला. पुरुषमाणसाचा आहेर. त्यानं टोपीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घागर ओढायला लागला. "मला... बी... वटी."

"अरे, गड्याची ओटी भरत्यात का कुठं?"

"सुमीची... भरली."

त्याच टॉवेलचा पदर केला, मांडीवर पसरला आणि भरली त्याची ओटी. हे सोप्यातनं बघत होते. म्हणाले, "आता मला बी भर." गल्लीला आठवडाभर पुरला तो विनोद. पण पुढं आपल्या चार गावांत तीच रीत पडली. माहेराहून बाई निघो की बाप्या, ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मॅडम वरच्या लोकांना काय काय सांगायच्या या कामाबद्दल, मोठे मोठे शब्द असायचे. एकदा त्यांनीच कंटाळून म्हटलं, "अहो, सोपं आहे. आमच्याकडं सगळ्यांना माहेर आहे."

एका गोष्टीवरनं मात्र तू माझ्याशी महिनाभर अबोला धरलास. मंगळवारच्या बैठकीत मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "देवीला माझं एकच मागणं. माझ्या आधी एक दिवस सुमीला ने." तिथल्या सगळ्या आयांनी माना डोलावल्या. ज्या आईच्या पोटी असं लेकरू नाही तिला हे वाक्य ऐकून धक्का बसेल. ज्यांच्या आहे त्या रोज मनात म्हणतात. तू मान डोलावली नाहीस. उठून गेलीस.

महिन्यानं मीच आले. तू चुलीपुढं होतीस. माझ्याकडं न बघता म्हणालीस, "सुमीला इचारलंस का?"

"काय?"

"आधी जायचं का मागनं जायचं ते. तिला आवडतंय जगायला. शेंगा आवडत्यात. दत्ताला गाड्या बघाया आवडतंय रस्त्यावरच्या. आपल्याला झोप लागंना म्हणून त्यास्नी मारायचं व्हय?"

"मग आपल्यामागं कोण हाय त्यांना?"

"तेच तर करायलोय की गं इतकी वर्षं. माहेर म्हंजी काय, चार दिसाची मज्जा वाटली तुला?"

मला पटलं नाही. खरं सांगते, पटलं नाही. मला वाटायचं, तू आहेस, मी आहे, तोवर हे चाललंय. चार दिवस पाहुणा ठेवणं वेगळं आणि जन्माचं माणूस सांभाळणं वेगळं. तू म्हणायचीस, "दत्ता त्याच्या घरीच राहील. माणसं तिथं जातील." मी म्हणायची, "माणसं तुझ्यासाठी येतात, तुझ्या धपाट्यासाठी येतात." हे भांडण आपलं संपलंच नाही.

आणि दुसरं भांडण नारळाचं. हे गेल्यानंतर माझा गुडघा धरला, तेव्हा तू मला आणि सुमीला दोघींना तुझ्याकडं उचलून नेलंस. म्हणालीस, "लेकरं माहेरी जात्यात, आपुन कवा जायाचं?" आठ दिवस शेक, तेल आणि शिव्या. निघताना सूप घेऊन पुढं आलीस. मी पदर मागं घेतला. "सोजर, मला विधवेला ओटी? लोक काय म्हणतील?"

तू, स्वतःही विधवा, कमरेवर हात ठेवलास. "भरणारी बी रांड, घेणारी बी रांड. मग अडतंय कुठं?"

हसून हसून माझा गुडघा पुन्हा दुखायला लागला, पण पदर काही पुढं केला नाही. सुमीच्या ओटीला हरकत घेणारी, दत्ताच्या ओटीला हरकत घेणारी, ती मीच ना. स्वतःच्या ओटीला कशी सोडीन? तू नारळ फोडलास, चटणी वाटलीस आणि म्हणालीस, "खा. फुडल्या बारीला बघते तुला." पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. आपण दोघींनी माझ्या ओटीचे किती नारळ चटणी करून खाल्ले ते त्या पाट्यालाच माहीत.

मग तू गेलीस. सकाळी दत्ताला चहा पाजलास, त्याचं तोंड पुसलंस, तिथंच खाटेला टेकून बसलीस आणि उठली नाहीस. टॉवेल हातातच.

तुला नेताना भावकी म्हणाली, मडकं पुतण्यानं धरावं, दत्ताला कसं जमणार? दत्ता म्हणाला, "मी." त्या एका शब्दावर पुतण्या बाजूला झाला. मांडीवर पाट ठेवला, पाटावर मडकं, त्याचे दोन्ही आखडलेले हात मडक्याभोवती. आपल्या चार गावांतल्या माहेरांची माणसं त्याची खुर्ची ढकलत होती, खड्डा आला की उचलत होती. आम्ही बाया रीतीप्रमाणं वेशीबाहेरच्या चौथऱ्यापर्यंत मागं.

चौथरा आला. तिरडी टेकवली. कुणीतरी म्हणालं, "विसावा आला, खांदं बदला रं."

आणि दत्ता हसला.

सगळं अंग हसलं, खुर्ची करकरली, मडकं हिंदकळलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. "कळत न्हाय बिचाऱ्याला," एक म्हातारा पुटपुटला. दत्तानं मान वळवून मला शोधलं. डोळ्यांतनं पाणी आणि तोंडभर हसू. मी पदर तोंडात कोंबला, सोजर. लोकांना वाटलं मी हुंदका आवरतेय. मी काय आवरत होते ते मला आणि त्यालाच ठाऊक. 'मॅडम, कुणाला पोचवायचं हाय?' तुलाच, बाई. शेवटी तुलाच.

तेव्हाच मी पहिल्यांदा नीट बघितलं, विसाव्यावर काय करतात ते. पुढचे मागं येतात, मागचे पुढं जातात, दमलेला बाजूला होतो, नवा खांदा खाली येतो. ओझं कुणी टाकून देत नाही आणि कुणी एकटा नेतही नाही. त्या मॅडमचा शब्द इतकाही चुकलेला नव्हता गं. पण हे तुला सांगायला तू नव्हतीस, आणि असतीस तर म्हणाली असतीस, 'अंगणवाडी सुटली.'

तेराव्यानंतर तुझ्या अंगणात बैठक बसली. भाऊराव म्हणाले, सोलापूरकडं एक चांगला आश्रम आहे म्हणतात. दुसरं कुणी म्हणालं, आळीपाळीनं एकेका घरी ठेवू. मी म्हटलं, "माझ्याकडं आणते. सुमीबरोबर राहील." म्हणताना माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. ती पुढच्या ओळीतली बाई पुन्हा उठून उभी राहिली होती. मॅडम आल्या होत्या, केस पिकलेत आता त्यांचे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दत्ताला विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मी तरी कुठं?

दत्तानं घागर ओढली. आम्ही थांबलो. मॅडमनी शिकवलंय, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. भाऊरावांच्या ओठांवर दोनदा शब्द आला, दोनदा मी डोळे वटारले.

"माझं... घर. मी... हितं. तुमी... या."

"अरं पर आमी रोज कसं..." भाऊराव म्हणाले.

"माहेरी... येतात... तसं."

हे भाऊराव म्हणजे, तुला ठाऊकच आहे, पुतण्याला इतक्या वर्षांत हात लावला नाही. घाण वाटायची म्हणून नव्हे, भीती वाटायची. मोडेल बिडेल म्हणून. मॅडमनी त्यांना तिथंच उभं केलं. "या इकडं. गुडघे वाकवा. कंबर नाही, गुडघे." सोजर, तू बघायला हवी होतीस. फेटा काढून ठेवलेला, कमरेला टॉवेल, आणि भाऊराव सुमीएवढे एकाग्र झालेले. दत्ताला खुर्चीतनं खाटेवर घेतलं. मोडला नाही. भाऊरावांनी स्वतःच्या हातांकडं असं बघितलं, जसे कुणी दुसऱ्यानं आणून लावलेत. म्हणाले, "हलका हाय की रं तू!" दत्ता म्हणाला, "आई... रोज... उचलायची." मग भाऊराव तिथंच खाटेवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. कावळ्यानं जे वदवून घेतलं नाही, ते दत्तानं न मागता घेतलं.

आता सकाळची आंघोळ भाऊरावांकडं, रात्री त्यांची खाटही सोप्यातच. दुपारी माहेरच्या घरांतलं कुणी ना कुणी. चहा माझा, कारण दत्ताला बाकीच्यांचा फुळकवणी लागतो. कधी चुकतंही. परवा सगळ्यांना वाटलं दुसरा कुणी गेला असेल, आणि दत्ता दुपारपर्यंत रस्त्यावरच्या गाड्या बघत उपाशी. मी धावत गेले, रागावले, तर म्हणतो, "मला... बी... विसावा." तुझंच कार्टं.

आणि आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात त्यानं निरोप धाडला. सुमीला माहेरी बोलावलंय, आणि काकूनं, म्हणजे मी, पण यायचं.

दत्ता माहेर देणार! आजवर तो माहेरी जायचा. गेलो आम्ही दोघी. राहिलो. यजमान असा ऐटीत, की विचारू नको. भाऊरावांना ऑर्डर, "चहा. साखर... जादा." सुमीला शेंगांचं सूप. संध्याकाळी तिघं रस्त्याकडं तोंड करून बसायचो. तुळजापूरकडं निघालेल्या गाड्या जायच्या, दत्ता गाडी ओळखायचा, सुमी टाळी वाजवायची, आणि मी काही करायची नाही. काहीच नाही. त्यागाची मूर्ती पाय पसरून बसलेली.

निघायच्या दिवशी दत्ताच्या मांडीवर सूप. भाऊरावांनी सगळं मांडून ठेवलेलं. सुमीनं सराईतासारखी ओढणी पसरली. दत्ताच्या मुठीतनं निम्मे गहू ओढणीत, निम्मे भुईवर, पण भरली. मी पिशवी उचलली.

"काकू... पदर."

"नको रे दत्ता. मी विधवा बाई. तुझ्या आईला पण मी..."

त्यानं डोळे बारीक केले. ते डोळे तुझेच, सोजर. ओढायला लागला घागर, आणि मी थांबले, कारण वाक्य पुरं करायचं नसतं.

"भरणारा... रांड... न्हाय. मग... अडतंय... कुठं?"

भाऊरावांनी तोंड फिरवलं, खांदे हलत होते त्यांचे. तुझं भांडण तू लेकाच्या तोंडी ठेवून गेलीस आणि वर एक सुधारणाही करून घेतलीस. मी गुडघा टेकला आणि पदर पसरला. आधी त्यानं कुंकवाचं बोट उचललं. हात थरथरत आला, कपाळ चुकलं आणि नाकाला लागलं. विधवेच्या कपाळाला कुंकू नको म्हणणाऱ्यांनी नाकाबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही, म्हणून मी ते पुसलं नाही. मग गहू. सांडले ते सुमीनं भुईवरनं वेचून वेचून माझ्या पदरात टाकले. मग खण. मग नारळ, दोन्ही हातांत धरून, मडकं धरलं होतं तसाच.

ओटीतले चिमूटभर दाणे माघारी द्यायचे असतात, माहेर भरलेलं राहावं म्हणून. ते मला कुणी सांगायला लागलं नाही. मी चिमूट घेतली आणि दत्ताच्या मांडीवर ठेवली. सुमीनं बघितलं, तिनंही ठेवली.

मी नाक लाल घेऊन साऱ्या गल्लीतनं चालत आले. पदर दोन्ही हातांनी धरलेला. एक दाणा सांडला नाही.

देवीपुढं आता ते मागणं मागत नाही. सुमी आधी की मी आधी, ते तिचं ती बघेल. सुमीला माहेर आहे.

आणि नारळ? नारळ तसाच देव्हाऱ्याखाली ठेवला होता. काल फोडला. अर्ध्याची चटणी केली आणि वाटी दत्ताकडं धाडली. निरोप आला, मीठ कमी. तुझ्यासारखी जमली नाही. पुढल्या बारीला बघते.

तुझी,
कली